प्रेसमध्ये दोन बोटे गेली. चाळीस हजार घेऊन स्टॅम्पपेपरवर सही करावी का?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचकांसाठी त्याचा गोषवारा आधी देतो. आपला धाकटा भाऊ २८ वर्षांचा आहे. तो सिंधुदुर्गातील दोडामार्गहून रोज मोटारसायकलने गोव्यातील थिवी औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. तेथील एका कारखान्यात तो पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारे यंत्र चालवतो, पण नाव ठेकेदाराच्या मस्टरवर (हजेरीपटावर) आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या डाव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट प्रेसमध्ये सापडून मुळापासून गेले. पगार १६,००० रुपये. त्यांपैकी ११,००० बँकेत जमा होतात आणि ५,००० व्हाउचरवर सही घेऊन रोख दिले जातात. ठेकेदाराने रुग्णालयाचे बिल भरले. आता तो ४०,००० रुपये देऊ करतो आणि ‘यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही’ अशा मजकुराच्या स्टॅम्पपेपरवर सही मागतो. कारखाना म्हणतो की हा आमचा माणूसच नव्हे. सुपरवायझर म्हणतो की त्याने गार्ड (यंत्रावरील संरक्षक आडोसा) काढून काम केले, म्हणून त्याला काहीच मिळणार नाही. सही केली नाही तर हातातले ४०,००० सुद्धा जातील, ही आपली भीती आहे.

गेली तेवीस वर्षे मी फोंडा आणि पणजी येथे कामगारांच्या बाजूने असे दावे चालवतो. त्या अनुभवावरून आधी थेट उत्तर देतो : आज सही करू नये. आपण ४०,००० ही रक्कम पुरेशी आहे का, असे विचारले आहे. परंतु तिची तुलना कशाशी करायची, हेच अद्याप ठरलेले नाही. भाऊ कोणत्या कायद्याच्या छत्राखाली येतो, त्याचा पगार किती सिद्ध होतो आणि रुग्णालयाच्या कागदावर अपघाताविषयी काय लिहिले आहे, या तीन गोष्टी कळल्याशिवाय कोणतीही रक्कम योग्य की अयोग्य हे सांगता येत नाही. त्या कळल्या, की हिशेब घरच्या घरी कागदावर मांडता येतो.

पहिली गोष्ट ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची. भावाच्या पगारपत्रकावर ईएसआयची कपात दिसते का, ते पाहावे. कामगाराचा वाटा ०.७५ टक्के असतो आणि मालकाचा ३.२५ टक्के. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारा कामगार या योजनेत येतो आणि त्यात ठेकेदारामार्फत आलेला कामगारही धरला जातो. त्याची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे कारखान्यावर असते; कारखाना ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. कामावरील अपघाताच्या लाभासाठी ठरावीक महिने वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क उभा राहतो. मालकाने नाव नोंदवलेच नव्हते, असे निघाले तरी कामगाराने हताश होण्याचे कारण नाही. ही योजना चालवणारे महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

भाऊ ईएसआयमध्ये येत असेल तर मालकाकडून वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही. कायद्याने तो मार्ग बंद केला आहे. त्याऐवजी बरे होईपर्यंत सरासरी रोजच्या वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम आणि उपचार मिळतात. नंतर वैद्यकीय मंडळ कमाईच्या क्षमतेतील कायमची घट ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. १६,००० पगार धरला तर रोजचे वेतन साधारण ५३३ रुपये, त्याचे ९० टक्के ४८० आणि मंडळाने २० टक्के घट धरली तर रोजचे ९६ रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे २,८८० रुपये होतात. दिसायला ही रक्कम लहान आहे. परंतु २८ वर्षांच्या माणसाला ती हयातभर मिळणार आहे, हे विसरू नये. अनेक कुटुंबे एकरकमी पैशाच्या ओढीने ईएसआयकडे दुर्लक्ष करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. नाव नोंदलेले आहे की नाही, आणि असल्यास नोंदणीची तारीख अपघाताच्या आधीची आहे की नंतरची, हे पणजीच्या प्रादेशिक कार्यालयात किंवा जवळच्या ईएसआय दवाखान्यात विमा क्रमांक दाखवून विचारावे. अपघातानंतर घाईघाईने केलेली नोंदणी मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिली आहे.

कारखाना ईएसआयच्या कक्षेत येत नसेल, तर १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागतो. या कायद्यात रक्कम मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयानुसारचा गुणांक, असे सूत्र आहे. मृत्यू झाल्यास ६० ऐवजी ५० टक्के धरतात. वेतन कितीही असले तरी ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी ते जास्तीत जास्त १५,००० धरले जाते. वय मागील वाढदिवशी पूर्ण झालेले घेतात. २८ वर्षांसाठी गुणांक २११.७९ आहे. म्हणजे १५,००० चे ६० टक्के ९,०००, त्याला २११.७९ ने गुणले की १९,०६,११० रुपये. ही संपूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. अंशतः कायम अपंगत्वात तिचा ठरावीक हिस्सा मिळतो. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईच्या क्षमतेतील घट २० टक्के दिली आहे. १९,०६,११० चे २० टक्के म्हणजे ३,८१,२२२ रुपये.

आता ४०,००० ची तुलना कशाशी करायची ते आपल्याला दिसेल. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंग देव प्रकरणात स्पष्ट केले आहे. देय झाल्यापासून महिन्याच्या आत ती दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागते आणि विलंबाला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. ३,८१,२२२ वर १२ टक्के व्याज वर्षाला सुमारे ४५,७४६ रुपये होते. ठेकेदार जे देऊ करतो आहे, ते एका वर्षाच्या व्याजापेक्षाही कमी आहे.

मात्र हा सारा हिशेब वेतन सिद्ध होण्यावर अवलंबून आहे. आपल्या प्रकरणातील सर्वांत नाजूक जागा मला हीच वाटते. बँकेत ११,००० च दिसतात. ठेकेदार उद्या तेवढेच वेतन सांगेल आणि तेच धरले गेले तर संपूर्ण अपंगत्वाची रक्कम १३,९७,८१४ आणि तिचे २० टक्के २,७९,५६२ होतात. एक लाखाहून अधिक रुपयांचा फरक या ५,००० रुपयांच्या रोख व्हाउचरांत अडकलेला आहे. म्हणून त्या व्हाउचरांचे फोटो, पगाराविषयी ठेकेदाराशी झालेले मोबाईलवरील संदेश आणि त्याच पद्धतीने रोख घेणाऱ्या दोन-तीन सहकाऱ्यांची साक्ष, जे मिळेल ते आजच गोळा करावे. व्हाउचर ठेकेदाराच्याच ताब्यात असतील तर ते हजर करावेत, असा आदेश या कायद्याखालचे दावे चालवणाऱ्या आयुक्तांकडे मागता येतो. ते त्याने दडवले तर त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येते. परंतु सहा महिन्यांनी सहकारी मागे हटतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. ते स्वतः त्याच ठेकेदाराकडे काम करत असतात आणि त्यांना दोष देता येत नाही.

त्यानंतर येतो रुग्णालयाचा कागद. एक प्रकरण माझ्या मनातून जात नाही. काही वर्षांपूर्वी केपे तालुक्यातील एका तरुणाचा अंगठा वर्कशॉपमध्ये गेला. सुपरवायझरने त्याला गाडीत घालून खाजगी दवाखान्यात नेले आणि तोच डॉक्टरांना म्हणाला, ‘घरी कोयत्याने लागले.’ केसपेपरवर तेच नोंदले गेले. मुलगा वेदनेने अर्धवट शुद्धीत होता, त्याला काय लिहिले ते कळलेही नाही. डिस्चार्ज कार्ड आईने प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपून ठेवले होते. ते उलगडून मी ती ओळ वाचून दाखवली, तेव्हा त्या बाईंनी डोक्याला हात लावला. मस्टरवर त्या दिवशीची हजेरी होती, मशीनवरील रक्त पुसणाऱ्या सहकाऱ्याची साक्ष होती, म्हणून अखेर दावा टिकला. पण त्या एका ओळीमुळे उलटतपासणी लांबली आणि प्रकरण जवळपास दोन वर्षे चालले. म्हणून भावाला पहिल्यांदा जेथे नेले, तेथील केसपेपरची प्रत मागून ‘अपघात कसा झाला’ या रकान्यात काय आहे ते वाचावे. चुकीचे लिहिले असेल तर ताबडतोब लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

याच कागदांत बोट नेमके कोठून गेले, हेही स्पष्ट असायला हवे. परिशिष्टात एकटी तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, दोन पेरे गेली तर ११ आणि एक पेर गेले तर ९ टक्के दिले आहेत. डावा हात की उजवा, असा भेद तेथे केलेला नाही. उरलेली बोटे आखडली असतील किंवा पकड कमी झाली असेल, तर ती इजा परिशिष्टातील ठरावीक टक्क्यांत बसत नाही. अशा वेळी नोंदणीकृत डॉक्टरांकडून कमाईच्या क्षमतेतील घटीचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. १९७५ च्या त्याच निकालात हात गमावलेल्या एका सुताराचे अपंगत्व न्यायालयाने संपूर्ण मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. आपल्या भावाच्या बाबतीत तेवढे मिळेल असे मी म्हणणार नाही; परंतु प्रेस चालवणाऱ्याला दोन्ही हातांची पकड लागते, हे डॉक्टरांनी नुसते ‘२० टक्के’ लिहून न थांबता शब्दांत लिहावे, अशी विनंती जरूर करावी.

सुपरवायझरच्या म्हणण्यात किती तथ्य आहे, तेही प्रामाणिकपणे पाहायला हवे, कारण कायद्यात असा अपवाद खरोखरच आहे. सुरक्षेसाठी बसवलेला गार्ड कामगाराने जाणूनबुजून काढला आणि त्यामुळे अपघात झाला, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व वगळता मालकाची जबाबदारी टळू शकते. आपल्या भावाचे अपंगत्व अंशतः असल्याने हा बचाव मांडता येईल. तथापि ‘जाणूनबुजून’ या शब्दाला येथे मोठे वजन आहे आणि ते सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. गार्ड लावल्यावर तासाला निघणारे नग कमी होतात, म्हणून तो कायमचा काढून भिंतीला टेकवून ठेवलेला मी कित्येक प्रेसशॉपमध्ये पाहिला आहे. गार्ड कोणी काढला, किती दिवसांपूर्वी, सुपरवायझरला ते दिसत नव्हते का, गार्डशिवाय काम करू नये अशी लेखी सूचना कधी दिली होती का, प्रशिक्षण दिले होते का, या प्रश्नांची उत्तरे मालकाला द्यावी लागतात. निष्काळजीपणा आणि हेतुपुरस्सर केलेली अवज्ञा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाईत, थकून किंवा नजर चुकून झालेल्या चुकीने हक्क जात नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार धोक्याच्या यंत्राला कुंपण घालून ते टिकवण्याचे कर्तव्य मालकाचे होते, आणि ४८ तास काम करता येणार नाही अशा अपघाताची सूचना कारखाने व बाष्पक निरीक्षकांना देणे बंधनकारक होते. ती दिली होती का, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. दिली असेल तर चौकशीचा अहवाल आपल्या कामी येईल. दिली नसेल तर तेही बोलके ठरेल.

‘हा आमचा माणूस नव्हे’ या उत्तराने कारखान्याची सुटका होत नाही. कारखान्याच्या नेहमीच्या कामाचा भाग ठेकेदाराकरवी करून घेतला आणि अपघात कारखान्याच्या ताब्यातील जागेत झाला, तर भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते. तो नंतर ठेकेदाराकडून ती वसूल करील. तो त्यांच्या आपापसातील व्यवहार आहे. दाव्यात दोघांनाही पक्षकार करावे. विमा कंपनीची पॉलिसी असल्यास तिलाही करावे.

आता त्या स्टॅम्पपेपरविषयी. कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडला, असा कोणताही करार या कायद्याने निरर्थक ठरवला आहे. तडजोड करायची असेल तर तिची नोंद आयुक्तांकडे झाली पाहिजे, आणि रक्कम अपुरी आहे किंवा दबावाने ठरली आहे असे वाटल्यास ते नोंद नाकारू शकतात. नोंद न करता पैसे दिले तर मालक पूर्ण रकमेसाठी जबाबदार राहतो आणि आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त वजावट त्याला मिळत नाही. रुग्णालयाचे भरलेले बिल तर भरपाईत मोजताच येत नाही. उलट उपचाराचा प्रत्यक्ष खर्च परत करणे ही मालकाची वेगळी जबाबदारी आहे. म्हणजे एखाद्याने आधीच सही केली असली तरी दार बंद होत नाही. तरीही सही करू नये असे मी सांगतो, कारण अशा कागदात बहुधा ‘अपघात माझ्या चुकीने झाला’ किंवा ‘मला दरमहा इतकाच पगार होता’ अशी ओळ मध्येच घातलेली असते, आणि ती ओळ पुढे कबुली म्हणून वाचली जाते. घरात पैशाची खरोखरच निकड असेल तर ‘भरपाईपोटी आगाऊ मिळाले, उर्वरित हक्क राखून’ असे आपल्या हाताने लिहून रक्कम घ्यावी. ठेकेदार त्यावर पैसे देईल की नाही, हे त्याच्यावर अवलंबून आहे. काही ठेकेदार असे पैसे देतात, हे मी पाहिले आहे, आणि काही जण पाकीट उचलून निघूनही गेले आहेत.

दावा दाखल करण्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे, म्हणजे आपल्या बाबतीत सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे. त्याआधी ठेकेदार आणि कारखाना या दोघांना अपघाताची लेखी नोटीस पोचदेय टपालाने पाठवावी. पणजीत पाटो येथील श्रमशक्ती भवनात मजूर आयुक्तांचे कार्यालय आहे, तेथे चौकशी करता येईल. आपण दोडामार्गचे असल्यामुळे आणखी एक सोय आहे : अपघात जेथे झाला तेथे किंवा कामगार जेथे राहतो तेथे, दोन्हीकडे दावा करता येतो. सिंधुदुर्गात केल्यास ये-जा वाचेल. पण साक्षीदार, कारखान्याचे दप्तर आणि निरीक्षकांचा अहवाल सारे गोव्यात असल्यामुळे मी सहसा गोव्याचाच सल्ला देतो. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. भरपाईचा काही हिस्सा आपल्याला द्यावा, असे आधीच लिहून मागणाऱ्या मध्यस्थांपासून कृपया दूर राहावे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता (जुन्या कायद्यांच्या जागी आलेला नवा कायदा) लागू झाल्यामुळे आपल्याला कोणी सांगेल की जुना कायदाच आता राहिला नाही. आपल्या भावाचा अपघात त्याआधीचा आहे आणि हक्क अपघाताच्या दिवशीच्या कायद्याने ठरतो. त्यानंतरच्या अपघातांनाही ५० आणि ६० टक्क्यांचे सूत्र संहितेत कायम आहे. घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघाताचाही, नोकरीशी संबंध दाखवता आल्यास, त्यात स्पष्ट समावेश केला आहे. दोडामार्गहून रोज पहाटे मोटारसायकलवर निघणाऱ्या शेकडो मुलांच्या दृष्टीने ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

शेवटी आपण लिहिले आहे की भाऊ म्हणतो, ‘वाद नको, नाहीतर परत कामावर घेणार नाहीत.’ त्याची भीती खोटी नाही. दावा केल्यानंतर परत घेतलेले कामगार मी पाहिले आहेत आणि न घेतलेलेही पाहिले आहेत. तो ईएसआयमध्ये येत असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना त्याला कामावरून काढता येत नाही, एवढे संरक्षण निश्चित आहे. ईएसआय नसेल तर तेवढे ठोस आश्वासन मला देता येणार नाही. तरीही सही केल्यावर कामावर घेईन असे ठेकेदार म्हणत असेल, तर तेच वाक्य त्याने त्या स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावे, असे भावाने एकदा त्याला विचारून पाहावे. काय उत्तर मिळाले आणि केसपेपरवर काय लिहिलेले निघाले, ते येथे कळवलेत तर नोटिशीचा मसुदा कसा असावा ते सविस्तर लिहीन.